थिबाच्या समाधीवर हक्क कोणाचा?

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याच्या मृत्यूला डिसेंबर २०१६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने रत्नागिरीतील त्याच्या समाधीपाशी स्मृतिसमारंभ झाला. त्यास म्यानमारचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष मिन्त स्वे आणि सरसेनापती मिन आँग लाइंग हे जातीने उपस्थित होते. त्याआधी चार वर्षे, डिसेंबर २०१२ मध्ये, त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन याच समाधीला वंदन करून गेले होते. परकीयांनी पळवून नेलेल्या राजाला त्याच्या देशाने उशिरा का होईना मान दिला, असे त्या वेळी अनेकांना वाटले, आणि तसे वाटणे अस्वाभाविकही नव्हते.

परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे म्यानमारच्या लष्कराने लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षांना अटक केली. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत जनतेने दिलेला कौल पायदळी तुडवला गेला. त्या दिवशी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून आणीबाणीच्या फर्मानावर सही केली ती मिन्त स्वे यांनी, आणि त्या सहीने सारी सत्ता हाती घेतली ती मिन आँग लाइंग यांनी. चार वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका पदच्युत राजापुढे मान झुकवणारे हेच ते दोघे. मृत राजाला वंदन आणि जिवंत प्रजेला बंदूक, असा हा हिशेब आहे. या हिशेबात भारतातील एका गावाची भूमी वापरली गेली असल्यामुळे थिबाची कहाणी पुन्हा एकदा, आणि निराळ्या बाजूने, पाहणे आवश्यक झाले आहे.

थिबाविषयी महाराष्ट्रात बहुधा हळहळीच्या सुरात लिहिले जाते. खाडीवर नजर ठेवून उभा असलेला एकाकी राजवाडा, तीस वर्षांचा बंदिवास, राजकन्यांची झालेली परवड आणि अखेर परक्या मातीत मिळालेली जागा, हे सारे मन हेलावणारे आहे. पण हळहळीने प्रश्न सुटत नाही, उलट झाकला जातो. थिबाला सिंहासनावरून खाली ओढण्याचा अधिकार कोणाचा होता, आणि तो कोणी वापरला, हा खरा प्रश्न आहे.

राजा चांगला होता काय?

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की थिबाचे उदात्तीकरण करण्याचे कोणतेही कारण लोकशाहीवाद्यांना नाही. १८५९ साली जन्मलेला हा राजपुत्र मिंडॉन राजाच्या अनेक पुत्रांपैकी एक. तो मठात वाढला, पाली विद्येत निपुण झाला. १८७८ साली मिंडॉन मृत्युशय्येवर असताना राणी सिनब्युमाशिन आणि काही मंत्री यांनी मिळून हा तरुण, सौम्य आणि आपल्या मुठीत राहील असा वारस निवडला. सिनब्युमाशिनची कन्या सुपायलत हिच्याशी, म्हणजे स्वतःच्या सावत्र बहिणीशी, त्याचे लग्न लागले. फेब्रुवारी १८७९ मध्ये सिंहासनाला धोका ठरू शकतील असे राजकुळातील सुमारे ऐंशी स्त्री-पुरुष आणि मुले ठार मारण्यात आली. या हत्याकांडाची आखणी कोणी केली आणि विशीतल्या राजाला त्यातील किती ठाऊक होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ते त्याच्या नावाने आणि त्याच्या राज्यात घडले, याबद्दल दुमत नाही.

तथापि याच दरबारात दुसराही एक प्रवाह होता, आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. १८७२ साली युरोपचा दौरा करून आलेला प्रधान किनवुन मिंजी आणि विद्वान मंत्री पो लाइंग यांनी राजाच्या अनिर्बंध सत्तेला आळा घालण्याचा विचार मांडला होता. पो लाइंगने १८७८ मध्ये, थिबा गादीवर येत असतानाच, राजधर्मावर एक ग्रंथ लिहिला. राजाने एकट्याने निर्णय घेऊ नये, सभेच्या विचाराने राज्य चालवावे, प्रजेवर न झेपणारा कर लादू नये, असा उपदेश त्यात होता, आणि त्यासाठी त्याने आधार घेतला होता तो बौद्ध परंपरेचा. दरबारातील कारस्थानी गटाने त्याला पदावरून दूर केले आणि १८८३ साली तो मरण पावला. सुधारणेचा तो प्रयत्न त्या वेळी फसला. पण फसलेला प्रयत्न पुन्हा करता येतो. तो करणारी माणसे त्या देशात होती. आपल्या राजाशी आपला हिशेब आपल्या पद्धतीने चुकता करण्याची वाट ब्रह्मी समाजाने शोधायला प्रारंभ केला होता.

ती वाट बंद केली एका व्यापारी कंपनीने.

सागवानाचा हिशेब

त्या कंपनीचे नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली ती मुंबईत स्थापन झाली. वॉलेस बंधूंच्या पेढीने तिची उभारणी केली. इरावतीच्या खोऱ्यातील सागवान तोडून नेण्याचे मक्ते तिला मंडालेच्या दरबाराकडून मिळाले होते. १८८५ च्या ऑगस्टमध्ये राजाच्या मंत्रिपरिषदेने कंपनीवर ठपका ठेवला, की तिने जितके ओंडके जंगलातून बाहेर नेले त्याहून कितीतरी कमी दाखवून राजाचे देणे बुडवले. सुमारे २३ लाख रुपयांचा दंड तिला ठोठावण्यात आला. कंपनीने अर्थातच आरोप नाकारला. दोन पक्षांमधील देण्याघेण्याचा हा वाद होता, आणि तो लवादापुढे नेता आला असता.

पण साम्राज्याला लवाद नको होता, निमित्त हवे होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत थिबाने फ्रान्सशी करार केला होता. फ्रेंच भांडवल मंडालेत बँक आणि आगगाडी आणणार, अशी आवई उठली होती. रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांना उत्तर ब्रह्मदेशाची बाजारपेठ हवी होती आणि तेथून चीनचा मार्गही हवा होता. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन याने निर्वाणीचा खलिता धाडला. कंपनीवरील कारवाई थांबवा, मंडालेत ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घ्या, परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवा, चीनच्या व्यापाराला वाट द्या, असा त्याचा आशय होता. स्वतंत्र राज्याने हे मान्य करणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे स्वातंत्र्य लिहून देणे होते.

नोव्हेंबरच्या मध्यास जनरल प्रेंडरगास्टची सुमारे १०,००० फौज आगबोटींतून इरावतीच्या उलट प्रवाहाने निघाली. पंधरवड्यात, २८ नोव्हेंबरला, मंडाले पडले. दुसऱ्या दिवशी राजा, राणी सुपायलत, तिची धाकटी बहीण असलेली दुसरी राणी आणि दोन लहान राजकन्या यांना बैलगाडीत बसवून नदीकाठी नेण्यात आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत, वाकून नमस्कार करत उभे होते. त्या लोकांना कोणीही काही विचारले नव्हते. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील झाल्याची घोषणा निघाली आणि ती राणी व्हिक्टोरियाला नववर्षाची भेट म्हणून अर्पण करण्यात आली. एक देश, त्याची जंगले, त्याच्या माणिकांच्या खाणी आणि त्याची माणसे भेटवस्तू झाली.

जुलमी राजापासून प्रजेची सुटका केली, असा या कृत्याचा खुलासा लंडनमध्ये केला गेला. १८७९ च्या हत्याकांडाच्या कहाण्या तेथील वृत्तपत्रांनी रंगवून सांगितल्या होत्या. सुटका झालेल्या प्रजेने मात्र पुढील चार-पाच वर्षे गावोगाव शस्त्र उचलले. तो उठाव मोडण्यासाठी तीस हजारांहून अधिक फौज आणि पोलीस लावावे लागले. बंडखोरांना सरकारी कागदोपत्री ‘डाकू’ म्हटले गेले आणि त्यांना आसरा देणारी गावे जाळली गेली. गावोगावच्या परंपरागत प्रमुखांची व्यवस्था मोडून सरकारला जबाबदार असणारा गावकामगार नेमला गेला. राजा गेला, पण राजाबरोबर गावाचे स्वतःचे असे जे काही होते तेही गेले. ज्या मंत्रिपरिषदेने कंपनीवर दंड बसवला होता, ती परिषदही बरखास्त झाली. दंड अर्थातच वसूल झाला नाही.

या व्यवहारात मुंबईचा वाटा होता, ही गोष्ट येथील वाचकाने विसरू नये. कंपनी मुंबईची, मोहिमेचे हुकूम हिंदुस्थान सरकारचे, फौजेतील शिपाई पुष्कळसे हिंदी, आणि खर्च हिंदी रयतेच्या माथी. एका गुलाम देशाच्या पैशाने आणि माणसांनी दुसरा देश गुलाम केला गेला.

रत्नागिरीची तीस वर्षे

थिबाला प्रथम रंगूनहून मद्रासला आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले गेले. रत्नागिरीची निवड विचारपूर्वक होती. ब्रह्मदेशापासून दूर, आगगाडीपासून दूर, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होणारे हे गाव. राजाभोवती बेड्या नव्हत्या. होता एक इंग्रज पोलीस अधिकारी, पहारा, आणि परवानगीवाचून शहराची हद्द न ओलांडण्याचे बंधन. कोण भेटायला येते, कोणाचे पत्र येते, याची नोंद होत असे. मद्रासला तिसरी आणि रत्नागिरीत चौथी राजकन्या जन्माला आली. चौघीही मराठी बोलत वाढल्या.

सरकारने तनखा ठरवून दिला. सत्ता काढून घ्यावी, इमान विकत घ्यावे आणि ऐट शिल्लक ठेवावी, हा साम्राज्याचा जुना परिपाठ होता. हिंदुस्थानातील संस्थानिक त्याच साच्यातून निघाले. थिबाला राज्य नव्हते, पण दरबार होता. प्रजा नव्हती, पण नोकरचाकरांचा मोठा तांडा होता. उत्पन्न ठरावीक आणि इतमाम राजाचा, त्यामुळे कर्ज झाले. मंडालेहून आणलेले जडजवाहीर सावकारांकडे आणि जवाहिऱ्यांकडे जाऊ लागले. थिबा अर्जांमागून अर्ज लिहीत राहिला. पदच्युतीच्या वेळी घेतलेल्या रत्नांचा हिशेब द्यावा, तनखा वाढवावा, देशाजवळ कोठेतरी राहू द्यावे, अशा त्याच्या मागण्या होत्या. त्या ऐकल्या गेल्या नाहीत. ज्या राजाच्या एका शब्दावर माणसांचे प्राण अवलंबून असत, तो स्वतःच्या घरखर्चासाठी अधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहू लागला.

१९१० साली त्याला नवा राजवाडा मिळाला. टेकडीवर, भाट्याच्या खाडीकडे आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती लाल इमारत आजही रत्नागिरीची ओळख आहे. बंदिवासाची पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर मिळालेला हा राजवाडा म्हणजे, नीट पाहिले तर, बंदिवास कधीच संपणार नाही याची दगडात केलेली नोंद होती.

इतिहासाने येथे एक विचित्र अदलाबदल घडवून आणली आहे. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बहादुरशहा जफर रंगूनला पाठवला गेला आणि १८६२ मध्ये तेथेच मेला. ब्रह्मदेशाचा राजा कोकणात आला आणि येथेच मेला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते; आणि तो तुरुंग होता थिबाच्याच राजधानीच्या तटबंदीत. त्याच सहा वर्षांत मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदेत होता. मात्र या दोन कैद्यांमध्ये एक भेद आहे. टिळकांना तुरुंगात टाकले ते लोकांना जागे केल्याबद्दल, म्हणून त्यांच्या शिक्षेच्या बातमीने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. थिबाला नेताना लोक रडले, पण त्याच्या सुटकेसाठी झगडणारी संघटित शक्ती त्याच्यामागे उभी राहिली नाही. राजापाशी प्रजा असते; लोकनेत्यापाशी लोक असतात.

घराण्याचे काय झाले?

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. त्याचे वय तेव्हा सत्तावन्न होते. दुसरी राणी त्याच्या आधी, १९१२ मध्ये, रत्नागिरीतच निवर्तली होती. पतीचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा म्हणून सुपायलत हटून बसली आणि तिने अंत्यविधी होऊ दिला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटी तशीच राहिली. मेलेल्या राजाचेही सरकारला भय वाटत होते. मंडालेत त्याची समाधी झाली तर ती बंडाचे ठिकाण होईल, ही धास्ती होती. अखेर १९१९ मध्ये सरकारने आपल्या हुकुमाने त्याला आणि धाकट्या राणीला रत्नागिरीतच समाधी दिली. मग कुटुंबाला ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली, ती मंडालेस नव्हे, तर रंगूनला. तेथे १९२५ साली सुपायलत वारली. तिचीही मंडालेत अंत्यविधी व्हावा ही इच्छा पुरी झाली नाही.

चार राजकन्यांच्या आयुष्यांकडे पाहिले म्हणजे राजघराणे ही काय कैद असते ते कळते. राजरक्ताचा वर हवा, आणि राजरक्त तर १८७९ मध्येच बव्हंशी आटवले गेलेले. वर शोधला तरी सरकारची संमती हवी. या दोन पाशांत त्यांची उमेदीची वर्षे सरली. दुसऱ्या कन्येने वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच चिटणिसाशी पळून जाऊन लग्न केले. आईने तिला कधीच क्षमा केली नाही. ती पुढे कलिंपाँगला राहिली. धाकटी कन्या मात्र निराळ्याच तेजाची निघाली. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिने ब्रिटिश सरकारकडे घराण्याच्या हिरावलेल्या संपत्तीची उघड मागणी केली. तिला सहकुटुंब रंगूनहून मोलमीनला हलवण्यात आले आणि १९३६ मध्ये तेथेच तिचा अंत झाला.

सर्वांत थोरली कन्या रत्नागिरीचीच होऊन राहिली. राजवाड्यावरील एका मराठी पहारेकऱ्याशी तिचे संबंध जुळले. त्याचे घर आधीच मांडलेले होते. १९०६ साली तिला मुलगी झाली. टूटू हे तिचे नाव. राजकन्या कुटुंबाबरोबर रंगूनला गेली खरी, पण लवकरच मुलीला घेऊन रत्नागिरीस परतली, आणि १९४७ मध्ये दारिद्र्यात वारली. टूटूने गावातीलच एका कारागिराशी संसार केला. गोवऱ्या थापून विकल्या, कागदाची फुले केली, मुले वाढवली. ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती. ती मराठी बोलत होती आणि रत्नागिरीच्या इतर कष्टकरी बायांसारखीच जगत होती. मिंडॉन राजाची ही पणती पुष्कळ वर्षे जगली आणि त्याच गावात म्हातारी झाली.

टूटूच्या आयुष्याची गोष्ट सांगताना लिहिणारे नेहमी ‘अधःपात’ हा शब्द वापरतात. राजाची नात गोवऱ्या थापते, केवढे हे दुर्दैव! पण तिच्याशेजारी बसून गोवऱ्या थापणाऱ्या इतर बायांविषयी कोणी कधी ‘दुर्दैव’ हा शब्द वापरला आहे काय? त्यांच्या बाबतीत ते स्वाभाविक आणि राजाच्या नातीच्या बाबतीत अघटित, असे मानणाऱ्या मनात राजेशाही अजून शिल्लक आहे. गरिबी वाईट आहे ती सर्वांसाठीच वाईट आहे. टूटूचे दारिद्र्य दूर व्हायला हवे होते ते ती राजाची नात होती म्हणून नव्हे, ती कष्ट करून जगणारी बाई होती म्हणून. आणि एका अर्थी त्या घराण्यात तीच पहिली मोकळी व्यक्ती होती. तिच्या आजोबांना, आईला आणि मावश्यांना परवानगीवाचून घराबाहेर पडता येत नव्हते. टूटूला कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण तिचे कोणाला भय नव्हते.

प्रजेचा न्याय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थिबाला परकीयांनी नेले याचा ब्रह्मदेशावर काय परिणाम झाला? राजा राहिला असता तर ब्रह्मदेश सुखी झाला असता, असे म्हणता येणार नाही. पण राजाला त्याच्या प्रजेने जाब विचारण्याआधीच तो उचलून नेल्यामुळे तो दंतकथा झाला. प्रत्यक्षातला कर्जबाजारी, अर्ज लिहिणारा माणूस रत्नागिरीत म्हातारा होत होता, आणि ब्रह्मदेशातल्या खेड्यांत ‘आपला राजा परत येईल’ ही आशा वाढत होती. डिसेंबर १९३० मध्ये भाताचे भाव कोसळलेले, जमिनी सावकारांच्या घशात गेलेल्या आणि सरकारचा डोईकर मानेवर, अशा स्थितीत साया सान या वैदूच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. ते बंड भुकेचे होते. पण त्याच्या पुढाऱ्याने स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. शेतकऱ्याला न्याय मागायचा होता आणि न्यायासाठी दुसरा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून त्याने ‘राजा’ हा शब्द उच्चारला. १९३१ मध्ये साया सान फासावर गेला. हजारो शेतकरी त्या बंडात मारले किंवा पकडले गेले.

पुढे ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तो प्रजासत्ताक म्हणून. थिबाची मुलगी, नातवंडे त्या देशात होती; त्यांना सिंहासनावर बसवावे असे स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांना वाटले नाही. हाच तो न्याय, जो १८८५ मध्ये करू दिला गेला नव्हता. तो बासष्ट वर्षे उशिरा झाला, कोणाचेही रक्त न सांडता झाला आणि प्रजेच्याच प्रतिनिधींनी केला. राजघराण्यातील माणसे साधे नागरिक म्हणून जगू लागली.

पण १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि सिंहासन पुन्हा एकदा, वेगळ्या गणवेशात, मांडले गेले. त्यानंतरच्या सेनानींना जुन्या राजांची आठवण वारंवार होऊ लागली, ही गोष्ट योगायोगाची नाही. २००५ साली त्यांनी जी नवी राजधानी वसवली तिचे नाव नेप्यिडॉ, म्हणजे राजांचे निवासस्थान. आणि तेथे त्यांनी पराक्रमी राजांचे प्रचंड पुतळे उभारले. लोकांनी निवडून न दिलेल्या सत्तेला आपले पूर्वज कोठून तरी आणावेच लागतात. लोकांकडून न मिळालेला मान ती मृतांकडून उसना घेते. रत्नागिरीच्या समाधीपुढील वंदनाचा अर्थ या प्रकाशात लावला पाहिजे.

थिबाच्या मंडालेत २०२१ नंतर काय घडले? रेल्वे कामगार, शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, बँकांतील कारकून आणि कपड्यांच्या कारखान्यांतील मुली यांनी देशभर असहकार पुकारला, तेव्हा मंडालेच्या रस्त्यांवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पकडलेल्यांपैकी अनेकांना चौकशीसाठी नेण्यात आले ते थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या तटबंदीत, जेथे लष्कराचा तळ होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याच तटबंदीला ‘फोर्ट डफरिन’ नाव देऊन आपली छावणी केली होती. मालक बदलले, भिंतींचा उपयोग बदलला नाही.

भारताचे कर्तव्य

इंग्रजांनी नेलेल्या वस्तूंपैकी काही परत गेल्या आहेत. मंडालेचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयातून १९४८ मध्ये ब्रह्मदेशाला परत देण्यात आले. लंडनच्या संग्रहालयात ठेवलेली राजचिन्हे १९६४ मध्ये परत गेली. राजाचा देह मात्र रत्नागिरीतच आहे, आणि तो परत न्यावा अशी मागणी अधूनमधून पुढे येते. त्या मागणीमागील भावना खोटी नाही. जे बळाने आणले गेले ते परत जावे, यात तत्त्वतः वादच नाही.

वाद आहे तो हा, की ते कोणाच्या हाती द्यावे. हा निर्णय ब्रह्मदेशाच्या जनतेचा आहे, आणि त्यात ब्रह्मदेशातील वंशजांबरोबर रत्नागिरीतील वंशजांचाही शब्द मोलाचा आहे. राजाला त्याच्या प्रजेला न विचारता नेले, हाच १८८५ चा मूळ अपराध. त्याला प्रजेला न विचारता परत दिले, तर त्याच अपराधाची उलट्या दिशेने पुनरावृत्ती होईल. बंदुकीच्या जोरावर बसलेल्या कोणत्याही सत्तेला थिबाच्या समाधीचा उपयोग व्यासपीठासारखा करू देऊ नये, एवढी मागणी तरी महाराष्ट्रातील लोकशाहीवाद्यांनी भारत सरकारकडे केली पाहिजे. लोकनियुक्त संसद पुन्हा भरेल आणि तिचे प्रतिनिधी येतील, त्या दिवशी समाधी खुशाल त्यांच्या स्वाधीन करावी. किंवा ते म्हणतील तर ती येथेच राहू द्यावी. रत्नागिरीला ती जड झालेली नाही.

आणखी एक कर्तव्य आहे, आणि ते अधिक निकडीचे आहे. २०२१ नंतर ब्रह्मदेशातून हजारो स्त्री-पुरुष आणि मुले सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली. मिझो जनतेने त्यांना घरात घेतले, अन्न दिले. दिल्लीने मात्र त्यांच्याकडे संशयाने पाहिले. एका परागंदा राजासाठी इंग्रज सरकारने टेकडीवर राजवाडा बांधला, आणि त्याची डागडुजी, त्याचे वस्तुसंग्रहालय आपण आस्थेने सांभाळतो. परागंदा प्रजेसाठी मात्र आपल्याकडे निर्वासितांचा साधा कायदाही नाही. राजाच्या दुःखाला दगडी स्मारक आणि प्रजेच्या दुःखाला परत पाठवण्याची धमकी, ही नीती स्वतंत्र भारताला शोभणारी नाही.

थिबा राजवाडा पाहायला दरवर्षी हजारो माणसे जातात. गच्चीवरून समुद्र दिसतो, सूर्यास्त दिसतो. तेथे जाणाऱ्या मुलांना शिक्षकांनी राजाची गोष्ट अवश्य सांगावी. पण तिच्यासोबत मंडालेच्या रस्त्यावर बैलगाडीला नमस्कार करत उभ्या असलेल्या, आणि ज्यांना कोणीही काही विचारले नाही, त्या लोकांचीही गोष्ट सांगावी. ती गोष्ट अजून पुरी झालेली नाही.